पैसे गेले, पण पोचले का? वॉलेट, यूपीआय आणि कोल्हापुरातला गल्ला

रविवारी संध्याकाळी महाद्वार रोडवर कुठल्याही दुकानापुढं जरा वेळ उभं राहा, हा संवाद कानावर पडतोच. "मामा, पैसे गेल्यात बघा." "थांब भावा, अजून वाजलं न्हाई." गिऱ्हाईक मोबाईलवरची हिरवी खूण दाखवतं, मामा काउंटरवरच्या, पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सकडं बघतात आणि मागं गर्दी वाढत जाते. दोघंही खरंच बोलत असतात. एकाकडून पैसे निघालेत, दुसऱ्याकडं ते पोचल्याची वर्दी यायची आहे. या मधल्या वाटेवर पैसे कुणाच्या ताब्यात असतात हे दोघांना माहीत असेल, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय, गिऱ्हाइकासाठीही आणि दुकानदारासाठीही.

आपण सरसकट 'ऑनलाइन केले' म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रकार येतात. पहिला वॉलेट. यात पैसे आधी भरायचे आणि मग खर्चायचे. एकदा भरले की ते तुमच्या बँक खात्यात राहत नाहीत. वॉलेट कंपनी बँक नसेल तर ते तिच्या एका राखीव एस्क्रो खात्यात जातात आणि ॲपमध्ये दिसतो तो तुमच्या नावाचा आकडा. त्या रकमेवर व्याज मिळत नाही. दुसरा प्रकार म्हणजे बँक खात्यावरचं यूपीआय. इथं ॲप फक्त वाट दाखवतं. पिन टाकेपर्यंत पैसे तुमच्याच खात्यात असतात. तिसरा यूपीआय लाइट. यात थोडी रक्कम खात्यातून आधीच बाजूला काढली जाते आणि किरकोळ खर्च पिनशिवाय होतो. तिन्हींत स्कॅन करायचा क्यूआर एकच, म्हणून घोळ होतो.

वॉलेटचे पुन्हा दोन प्रकार आहेत, आणि बहुतेकांना आपलं कुठलं ते माहीत नसतं. नुसता मोबाईल नंबर, ओटीपी आणि ओळखपत्राचा क्रमांक देऊन उघडलेलं छोटं वॉलेट असेल, तर शिल्लक कधीही 10,000 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. महिन्याला 10,000 आणि वर्षाला 1,20,000 एवढेच पैसे भरता येतात. त्यातून फक्त खरेदी होते. मित्राला पैसे पाठवणं, रोख काढणं यातलं काही होत नाही. गावाकडं आईला पाठवू म्हणून पैसे भरले आणि ते आत अडकले, ही तक्रार असते ती याच वॉलेटची. पूर्ण केवायसी केलेल्या वॉलेटमध्ये 2 लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, पैसे पाठवता येतात आणि कुठल्याही दुकानाचा यूपीआय क्यूआर स्कॅन होतो. पूर्ण केवायसीच्या वॉलेटला ही सोय द्यायचं बंधन रिझर्व्ह बँकेनं घातलं आहे. डिसेंबर 2024 पासून असं वॉलेट दुसऱ्या कंपनीच्या यूपीआय ॲपलाही जोडायला परवानगी आहे. मात्र आधी नोंदवून न ठेवलेल्या माणसाला महिन्याला 10,000 च्या वर पाठवता येत नाही. भाडं किंवा शाळेची फी द्यायची असेल तर समोरच्याचं खातं आधी नोंदवून ठेवा.

वर्षभर व्यवहार केला नाही तर वॉलेट निष्क्रिय होतं. त्यातले पैसे बुडत नाहीत, पुन्हा ओळख पटवली की ते चालू होतं. वॉलेट बंद करून उरलेली रक्कम परत मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे. जुन्या फोनमध्ये कधीतरी उघडलेली दोन-तीन वॉलेट असतीलच, ती एकदा उघडून बघा.

यूपीआय लाइट मला रोजच्या बाजारासाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतचा खर्च आणि एकूण शिल्लक 5,000, ही मर्यादा डिसेंबर 2024 पासून आहे. त्याआधी ती 500 आणि 2,000 होती. कपिलतीर्थ मंडईत पाच ठिकाणी वीस-तीस रुपये द्यायचे असतील तर प्रत्येक वेळी पिन टाकायला नको, आणि पासबुकात वीस नोंदींऐवजी फक्त भरणा केल्याची एक नोंद येते. बँकेचा सर्व्हर संध्याकाळी मंदावला तरी लाइटचे पैसे सहसा जातात, कारण त्या क्षणी बँकेच्या मुख्य खात्याला हात लावावा लागत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पिन लागत नसल्यानं फोनला लॉक हवाच. आणि फोन बदलण्याआधी किंवा ॲप काढण्याआधी लाइटमधली शिल्लक खात्यात परत वळवून घ्या. लाइट त्या फोनशी बांधलेलं असतं.

नव्यानं सुरू करणाऱ्यांचं घोडं पहिल्याच पायरीवर अडतं. ॲप तुमच्या फोनमधून एक एसएमएस आपोआप पाठवतं आणि त्यावरून नंबर ओळखतं. रिचार्जमध्ये एसएमएस नसेल, दोन सिमपैकी चुकीचं निवडलं असेल किंवा बँकेत दुसराच नंबर दिलेला असेल, तर 'पडताळणी अयशस्वी' एवढंच दिसतं आणि माणूस ॲप काढून पुन्हा टाकत बसतो. ॲप बदलून उपयोग नाही, आधी बँकेत नंबर कुठला आहे ते बघा. पिन ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीनंही पिन ठेवता येतो, पण त्यासाठी आधार आणि बँक दोन्हीकडं एकच मोबाईल नंबर हवा. पहिले 24 तास 5,000 रुपयांची मर्यादा असते. फोन बदलल्यावरही ती लागू होते, त्यामुळं नवा फोन घेतला त्याच दिवशी मोठी रक्कम देण्याचं ठरवू नका.

आपल्या भागातली आणखी एक अडचण म्हणजे पतसंस्था. जिल्ह्यात अनेकांची खरी बचत पतसंस्थेत असते. पतसंस्था ही बँक नाही, म्हणून तिथलं खातं यूपीआयला जोडता येत नाही. नागरी सहकारी बँकांपैकी बऱ्याच यूपीआयवर आल्या आहेत, पण ॲपच्या यादीत तुमच्या बँकेचं नाव आहे का ते आधी पाहा. नसेल तर बाजारासाठी दुसऱ्या बँकेत एक छोटं बचत खातं काढा आणि तेच जोडा. माझं म्हणाल तर सगळ्यांनीच असं करावं. ज्या खात्यात पगार, उसाचं बिल किंवा मुदत ठेवीचे पैसे येतात, ते खातं यूपीआयला जोडूच नये. काही गडबड झाली तर नुकसान छोट्या खात्यापुरतंच राहतं.

दुकानदाराच्या बाजूनं

स्वतःच्या बचत खात्याचा वैयक्तिक क्यूआर छापून दुकानात लावायची पद्धत अजून आहे. ती सोपी आहे, पैसे थेट खात्यात येतात, पण त्यावर रुपे क्रेडिट कार्ड चालत नाही, परताव्याची सोय नसते, आणि घरचा नि धंद्याचा हिशेब एकात मिसळतो. व्यापारी क्यूआर घेणं केव्हाही चांगलं. त्यासाठी पॅन, आधार, बँक खातं, दुकानाचा फोटो आणि शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी एवढं पुरतं. कंपनी खात्यावर एक रुपया पाठवून नाव जुळवते, आणि इथंच आपल्याकडचे अर्ज लटकतात. पासबुकावर 'पाटील सचिन बाळासो', पॅनवर 'सचिन बाळासाहेब पाटील' आणि आधारवर आणखी तिसरंच. बाळासो, आप्पासो, तात्यासो ही आपली रीत. संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. अर्ज करण्याआधी बँकेतलं नाव पॅनप्रमाणं करून घ्या. तसंही जून 2025 अखेरपासून यूपीआयनं पैसे पाठवताना समोरच्याला तुमचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचा नियम आहे.

व्यापारी क्यूआरवर आलेले पैसे अनेकदा थेट तुमच्या खात्यात पडत नाहीत. ते आधी पेमेंट कंपनीकडं जमा होतात आणि त्या दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकरकमी तुमच्या खात्यात येतात. त्याला सेटलमेंट म्हणतात. साउंडबॉक्स वाजला याचा अर्थ कंपनीला पैसे मिळाले; बँकेचा मेसेज नंतर येणार. दिवसाची विक्री आणि बँकेत आलेली रक्कम जुळत नसेल तर तीन गोष्टी तपासा: सेटलमेंटचा दिवस कुठल्या वेळेला संपतो, यंत्राचं भाडं त्यातून कापलं का, आणि कुठल्या व्यवहारावर शुल्क लागलं का.

शुल्काबद्दल बाजारात बरेच गैरसमज आहेत. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. शुल्क येतं ते वॉलेट आणि क्रेडिट कार्डावर. गिऱ्हाइकानं यूपीआय क्यूआर वॉलेटमधून स्कॅन करून 2,000 रुपयांपेक्षा जास्त दिले, तर एप्रिल 2023 पासून कमाल 1.1 टक्का इंटरचेंज शुल्क लागतं. शेतीविषयक, इंधन, शाळा अशा काही प्रकारांत ते कमी आहे. हा कंपन्यांमधला हिशेब आहे. तो तुमच्यावर किती टाकायचा हे तुमच्या करारावर ठरतं, म्हणून करारातला शुल्काचा तक्ता वाचून घ्या. चप्पल लाईनमध्ये कुणी 3,000 रुपयांची जोडी वॉलेटनं घेतली आणि करारात 1.1 टक्का असला, तर 33 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 5.94 रुपये कापून 2,961.06 रुपये हातात पडतील. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयवर वापरलं तरी शुल्क आहे, पण छोट्या व्यापाऱ्यांना 2,000 रुपयांपर्यंत ते माफ आहे. गिऱ्हाइकाकडून 'ऑनलाइनचे वरचे दहा रुपये द्या' असं मागणं मला अजिबात पटत नाही. बहुसंख्य व्यवहारांवर दुकानदाराला एक रुपयाही लागलेला नसतो.

साउंडबॉक्सबद्दल थोडं. त्यात स्वतःचं सिम असतं, तुमच्या वायफायशी त्याचा संबंध नाही. दगडी भिंतीच्या जुन्या गाळ्यात, तळघरात किंवा लोखंडी शटरच्या आतल्या कोपऱ्यात त्याला रेंज मिळत नाही आणि घोषणा उशिरा येते किंवा एकदम चार-पाच मिळून येतात. तो दाराजवळ, उंचावर ठेवा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती एवढे फोन असतात की टॉवरच दमतो. तेव्हा दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन व्यापारी ॲपसह हाताशी असलेला बरा. आणि भाडं कशातून कापलं जातं ते नीट पाहा. बऱ्याचदा सुरू करताना ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची, मंजुरी घेतलेली असते. यंत्र परत केल्यावर पोच घ्या आणि यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन ती मंजुरी स्वतः रद्द करा. नाहीतर यंत्र नसतानाही भाडं जात राहतं.

गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण हा पुरावा नव्हे. हुबेहूब तसाच पडदा दाखवणारी खोटी ॲप आहेत. गर्दीच्या वेळी भेळ-मिसळीच्या गाड्यांवर हा प्रकार जास्त चालतो, कारण पोरगं स्क्रीन बघून मान हलवतं. खात्री फक्त स्वतःच्या ॲपमध्ये किंवा साउंडबॉक्सवर. दर यूपीआय व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो. शंका आली तर गिऱ्हाइकाला तो उघडायला सांगा आणि शेवटचे चार आकडे आपल्या ॲपशी जुळवा. रोज सकाळी शटर उघडल्यावर स्वतःच्या फोननं स्वतःच्या क्यूआरवर एक रुपया पाठवून पाहायची सवय लावा. तुमच्या स्टिकरवर कुणी रात्रीत दुसरा स्टिकर चिकटवला असेल तर तिथंच कळतं.

'चुकून जास्त गेले, या नंबरवर परत पाठवा' असा फोन आला तर कधीही नवीन व्यवहार करून पैसे पाठवू नका. व्यापारी ॲपमध्ये तो मूळ व्यवहार उघडा आणि तिथल्याच परताव्याच्या बटणानं रक्कम परत करा. ती आली त्याच खात्यात जाते, दुसरीकडं जाऊ शकत नाही. खरंच 50 च्या जागी 500 टाकणारं गिऱ्हाईक असेल तर त्याचंही काम होतं, आणि भामटा असेल तर त्याला काही मिळत नाही. गिऱ्हाइकांसाठी एकच नियम: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीनं व्यक्तीला पाठवायची पैशाची मागणी बंद झाली आहे, त्यामुळं तो एक रस्ता बुजला. पण 'पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारे अजून आहेत.

पैसे मधेच लटकले तर

खात्यातून वजा झाले आणि 'प्रलंबित' दिसतंय, अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. असा व्यवहार पुढं पूर्ण होतो किंवा पैसे परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानाला दिलेले आणि दुकानात खात्री न पोचलेले पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढं उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. दुकानात उभं असताना सरळ मार्ग असा: गिऱ्हाइकानं रोख द्यावेत आणि दुकानदारानं वहीत संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहावेत. नंतर पैसे जमा झाले तर परतावा बटणानं पाठवावेत. सारखी शिल्लक बघत बसल्यानं काही होत नाही. ऑगस्ट 2025 पासून एका ॲपमध्ये दिवसाला 50 वेळाच शिल्लक पाहता येते, आणि लटकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच, मध्ये दीड मिनिट सोडून.

वॉलेटमधून तुमच्या हलगर्जीशिवाय कुणी पैसे उडवले तर पहिले तीन दिवस महत्त्वाचे. या तीन दिवसांत कंपनीला कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर व्यवहाराची रक्कम किंवा 10,000 रुपये, यातलं जे कमी तेवढी. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून आधी ॲपमधून तक्रार करा आणि क्रमांक घ्या. फसवणूक असेल तर 1930 वर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. कंपनीनं किंवा बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आणि वकिलाशिवाय. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

पावसाळ्याबद्दल एक वेगळी सूचना. 2019 आणि 2021 च्या महापुरात वीज आणि टॉवर बंद पडले की काय होतं ते पंचगंगेकाठच्या लोकांना सांगायला नको. पाणी इशारा पातळीकडं चढायला लागलं की आठवड्याच्या गरजेपुरती रोख, तीही सुट्ट्या नोटांत, घरात काढून ठेवा.

कराचीही भीती आहे. जुलै 2025 मध्ये बेंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तिथं काहींनी क्यूआर काढून टाकले, आणि ती धास्ती सीमेपलीकडून आपल्याकडंही पोचली. यूपीआयवर वेगळा कर नाही. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची उलाढाल आहे, सेवा देणाऱ्याला 20 लाख, आणि ती रोख व ऑनलाइन मिळून मोजतात. उलट गृहीत नफ्याच्या योजनेत आयकर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचा रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरला जातो, तर ऑनलाइन विक्रीवर 6 टक्केच. घरातल्यांनी पाठवलेले पैसे धंद्याच्या क्यूआरवर घेऊ नका, मग खुलासे करत बसावं लागणार नाही.

शेवटी एक संकट, ज्याची दुकानदाराला आधी कल्पनाच नसते: काही चूक नसताना खातं गोठणं. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी फसवणूक होते, ते पैसे खात्याखात्यांतून फिरतात, त्यातल्या एकानं तुमच्याकडून 800 रुपयांची वस्तू घेतलेली असते. तिथले पोलीस त्या साखळीतली खाती थांबवायला सांगतात आणि त्यात तुमचंही येतं. कोल्हापुरात देशभरातून भाविक येतात, त्यामुळं ही शक्यता इथं जास्त. असं झालं तर शाखेत जाऊन वाद न घालता तीन गोष्टी लेखी मागा: सायबर तक्रारीचा पोच क्रमांक, वादातली नेमकी रक्कम आणि कारवाई करणारं पोलीस ठाणं. मग त्या दिवसाचं बिल, व्यापारी ॲपमधला व्यवहाराचा तपशील, शॉप ॲक्ट आणि पॅनच्या प्रती जोडून त्या ठाण्याला ईमेल करा, बँकेला प्रत द्या, आणि संपूर्ण खातं न अडवता वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा असा अर्ज करा. शाखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. आणि सेटलमेंटचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून आजच वेगळं करा.